चंद्राच्या वहीतले ठिपके

"हे काय काढलंयस, सारिका?"

ती टेबलाच्या कडेला दोन्ही हातांची बोटं टेकवून उभी राहिली. तिसरीतली मुलगी, नऊ वर्षांची, अंगावर भावाचा वाटावा असा मोठा स्वेटर.

पानाच्या वरच्या बाजूला अष्टमीचा अर्धा चंद्र होता. खाली आंब्याचं झाड, झाडाशेजारी उसाच्या उभ्या रेघा. आणि उसाच्या बुडाशी दोन पिवळे ठिपके, अगदी शेजारी शेजारी.

"तारे आहेत का हे?"

तिने मान हलवली. नाही.

"मग काय आहे? मी काय सांगितलं होतं? जे दिसेल तेच काढायचं."

"दिसलं तेच काढलंय, बाई."

मी लाल पेन घेतला, ठिपक्यांवर फुली मारली आणि समासात लिहिलं, 'मनाने काही काढू नये.' तिने ते उभ्या उभ्या वाचलं, वही मिटली आणि जागेवर जाऊन बसली.

याला आता बावीस वर्षं झाली. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते, इचलकरंजीसारख्या मोठ्या गावातून आलेली, आणि पहिलीच नेमणूक पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या उसाच्या पट्ट्यात, बोरमळा नावाच्या वस्तीवर मिळाली होती. शाळा दोन खोल्यांची. पहिली-दुसरी थोरवे गुरुजींकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. एकोणीस मुलं.

चंद्राचा उद्योग माझाच. पुस्तकात कलांचं चित्र होतं, आणि मुलं प्रतिपदा, द्वितीया, तृतीया हे तालात म्हणून दाखवायची. एक दिवस मी विचारलं, काल चंद्र केवढा होता? कुणालाच सांगता येईना. खरं म्हणजे मलाही सांगता आलं नसतं. मग मी प्रत्येकाला चाळीस पानी वही दिली. रोज चंद्र बघायचा आणि सकाळी शाळेत येऊन, वर्गात ठेवलेल्या वहीत काढायचा. एकाच जागी उभं राहून, एकाच वेळी. जवळचं झाड, घर, विहीर, जे असेल तेही काढायचं, म्हणजे चंद्र कुठून कुठे सरकला ते कळेल.

पौष महिना होता, आकाश स्वच्छ. पौर्णिमेपर्यंत मुलांनी धमाल केली. आज देवळाच्या कळसावर होता, आज पाण्याच्या टाकीवर होता, असं सांगत यायची. पौर्णिमेनंतर तो उशिरा उगवायला लागला आणि मुलं आधीच झोपायला लागली. पण मग सकाळी शाळेत येताना त्यांना पश्चिमेला फिकट पांढरा चंद्र सापडला. दिवसा चंद्र दिसतो हे कुणाला खरंच वाटत नव्हतं. अठरा वह्यांमध्ये तो सकाळचा चंद्र उतरला.

सारिका गुंजाळचा चंद्र मात्र काळ्या आकाशात होता. वेळेच्या रकान्यात तिने लिहिलं होतं, 'पहाटे लाईट आल्यावर.' लाईट येणं-जाणं त्या गावात नेहमीचं होतं, म्हणून मी त्यावर थांबले नाही. एकच जागा, एकच वेळ हा नियम तिने एकटीने पाळला होता, आणि त्यामुळे तिच्या वहीत एक गोष्ट दिसत होती जी बाकी कुणाच्याच वहीत नव्हती. चंद्र रोज बारीक होत होता आणि रोज थोडा खाली, आंब्याच्या दिशेने उतरत होता. मी ती वही वर्गाला उचलून दाखवली. त्या दिवशी मला वाटलं, आपल्याला शिकवता येतं.

सप्तमीपासून ते ठिपके आले. सप्तमी, अष्टमी, नवमी या तीन पानांवर मी फुल्या मारल्या. पुढच्या पानावर कंटाळून नुसती सही केली.

एकादशीच्या दिवशी दुपारी वनखात्याचा एक माणूस शाळेत आला. आठवड्यापूर्वी नदीपलीकडच्या वस्तीवर एक म्हातारी उसाच्या कडेला गवत कापत असताना बिबट्याने तिला धरलं होतं. ती वाचली नव्हती. म्हणून तो शाळाशाळांतून फिरून काळजी कशी घ्यायची ते सांगत होता. दोन्ही वर्ग व्हरांड्यात बसवले.

"एकटं फिरायचं नाही," तो म्हणाला. "बिबट्या दिसला तर पळायचं नाही. वाकायचं नाही, बसायचं नाही. वाकलेलं माणूस त्याला जनावरासारखं वाटतं. ताठ उभं राहायचं, हात वर करायचे, मोठ्याने बोलायचं."

चौथीतल्या एका मुलाने विचारलं, "अंधारात तो कसा ओळखायचा?"

"अंधारात तो दिसतच नाही. बॅटरी मारली की फक्त डोळे चमकतात. दोन पिवळे दिवे, शेजारी शेजारी."

मी सारिकाकडे पाहिलं. सगळी मुलं त्या माणसाकडे बघत होती. ती माझ्याकडे बघत होती.

मला काही कळायच्या आत शाळा सुटली, मुलं पांगली. मी वर्गात जाऊन तिची वही शोधली. घाईत पानं दोन-दोन उलटत होती. सप्तमीला ठिपके उसाच्या पार टोकाला होते, टाचणीच्या डोक्याएवढे. अष्टमीला उसाच्या मध्यावर. नवमीला कडेला. दशमीला आंब्याखाली. आणि आज सकाळच्या, एकादशीच्या पानावर चंद्र अगदी बारीक, आंब्याच्या शेंड्याला टेकलेला, आणि ठिपके उसाच्या बाहेर, पाण्याच्या पाटाशी. आता ते मोठे होते आणि त्यांच्यात अंतर पडलं होतं. जसजसा चांदण्याचा उजेड कमी झाला होता, तसतसे ते जवळ आले होते.

मी वही घेऊन थोरवे गुरुजींकडे गेले. ते खोलीला कुलूप लावत होते. किल्ली कुलपातच ठेवून त्यांनी पानं बघितली.

"शेतीची लाईट या पंधरवड्यात पहाटे चारला येते," ते म्हणाले. "विहीर हिच्या बापात आणि थोरल्या चुलत्यात आहे. चार ते सात यांची पाळी, मग थोरल्याची. हिचा बाप भाजीच्या टेम्पोवर, रात्रभर बाहेर. अलका, हिची आई, कांद्याला पाणी देते, आणि पोरगी बॅटरी धरत असणार."

"गुरुजी, ती नऊ वर्षांची आहे."

"इथं प्रत्येक घरात कुणीतरी बॅटरी धरतं, बाई." त्यांनी कुलूप ओढून बघितलं. "सकाळी वनखात्याच्या कचेरीत जाऊ. मी येतो."

सकाळी म्हणजे आणखी एक पहाट मधे होती.

सारिकाचं घर वस्तीच्या शेवटी, शेताला लागून. मी पोचले तेव्हा दिवस मावळत होता. अलकाताई गाईची धार काढून उठत होत्या. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठ्या असतील. मी वही पुढे केली. त्यांनी पदराला हात पुसले आणि एक-एक पान सावकाश बघितलं. ती वही त्यांनी तोपर्यंत पाहिलेली नव्हती.

"ह्या फुल्या कुनी मारल्या?"

"मी."

त्यांनी पुढचं पान उलटलं.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"पहिल्या दिसापासनं."

"आणि तरी तिला नेता?"

त्यांनी दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "बाई, दारं धरायला वाकावं लागतं. एक वाफा भरला की मातीनं बंद करायचा, दुसरा फोडायचा. दर पाच मिन्टाला वाकायचं. ती म्हातारी कशी गेली ते ऐकलं न्हवं? ही माझ्या पाठीशी बॅटरी घेऊन उभी असती, म्हनून मी सकाळी घरी येते."

"दिरांना पाळी बदलायला सांगा."

"सांगितलं. ते म्हनले, भ्या वाटत आसंल तर नवऱ्याला घरी बसव."

"आणि नवऱ्याला?"

"त्यांना नाय सांगितलं. रात्रीचा टेम्पो हाकायचा आस्तो, डोक्यात ह्ये घालून कसं हाकतील."

सारिका दारात येऊन उभी राहिली होती. मी तिच्यासमोर उकिडवी बसले.

"तू मला का सांगितलं नाहीस गं?"

"आईने कुणाला सांगायचं नाही म्हटलं होतं." तिने आईकडे पाहिलं. "काढायचं नाही असं नव्हतं म्हटलं."

मला तिच्याकडे बघवेना. अलकाताईंनी वही मिटून माझ्या हातात दिली.

"उद्या मी उभी राहते," मी म्हणाले. "सारिका घरी झोपेल."

अलकाताईंनी माझ्या साडीकडे आणि चपलांकडे पाहिलं. "जमंल का तुमाला?"

"बॅटरीच धरायची आहे ना."

त्या रात्री मी तिथेच राहिले. झोप आली नाही. पावणेचारला अलकाताईंनी हाक मारली तेव्हा मी पडल्या जागी डोळे उघडे ठेवूनच होते. सारिका गोधडीत गुरफटून पडली होती. बाहेरून कडी लावू नका, असं अलकाताई म्हणाल्या. घरात पोर एकटं असताना कडी लावत नाहीत.

चारला मोटर सुरू झाली आणि पाटाला पाणी आलं. थंडी हाडात शिरत होती. घरापासून दोनशे पावलांवर कांद्याचे वाफे, त्यांच्या पलीकडे ऊस. काळा, उंच, भिंतीसारखा.

"उसाकडं पाठ करू नका," अलकाताई म्हणाल्या. "बॅटरी ह्या टोकापासनं त्या टोकापत्तोर फिरवत ऱ्हावा. आन् काय बी बोलत ऱ्हावा."

त्या फावडं घेऊन वाकल्या. मी बॅटरी फिरवू लागले. उजेडाचा गोल उसाच्या पानांवरून सरकत होता. बोलायचं काय ते सुचेना. उसात सारखं काहीतरी सळसळत होतं. वारा असेल, उंदीर असतील. प्रत्येक वेळी मी बॅटरी तिकडे वळवायचे. थोड्या वेळाने आंब्याच्या मागून चंद्र वर आला, नखाच्या कडेएवढा. महिनाभर मी मुलांना चंद्र बघायला सांगत होते आणि द्वादशीचा चंद्र उगवताना मी स्वतः पहिल्यांदाच बघत होते. पण त्याच्याकडे दोन क्षणही बघायची हिंमत झाली नाही.

एक तास तसाच गेला. काहीच दिसलं नाही. मला वाटायला लागलं, आज तो यायचा नाही.

मग बॅटरी फिरवता फिरवता दोन दिवे लागले.

पाटाच्या पलीकडे, जमिनीपासून हातभर वर. अंग नाही, आकार नाही, फक्त ते दोन. अलकाताई वाकलेल्या होत्या, त्यांची पाठ त्या दिशेला. मला हाक मारायची होती. तोंड उघडलं, आवाज निघाला नाही. पुन्हा प्रयत्न केला, नाही निघाला. बॅटरीचा उजेड फिरायचा थांबला हे अलकाताईंच्याच लक्षात आलं. त्या सावकाश ताठ झाल्या आणि वळल्या.

"बॅटरी तिथंच धरा," त्या म्हणाल्या. "खाली घेऊ नका."

मी धरली. डोळे हलत नव्हते. आणि मग उजेड पिवळट व्हायला लागला. मी बॅटरी तळहातावर आपटली. क्षणभर वाढला, पुन्हा उतरला.

डावीकडे बांधावर पावलं वाजली.

"आई, सेल बदलायचे राहिले होते."

सारिका होती. स्वेटर घातलेली, दोन्ही मुठींत एक-एक सेल. घरापासून उसाच्या कडेकडेने, अंधारात, एकटी चालत आली होती. आमच्यात आणि तिच्यात वीस-पंचवीस पावलांचं अंतर होतं. मी पुन्हा पाटाकडे पाहिलं. दोन दिव्यांचा एकच उरला. त्याने मान सारिकाकडे वळवली होती. आता तो आमच्याकडे बघत नव्हता.

मी तिच्याकडे धावायला पाऊल उचललं. अलकाताईंनी माझं मनगट पकडलं.

"पळू नका."

मग त्यांनी लेकीला हाक मारली, जेवायला बोलवावं तशा आवाजात. "सारिका, हाय तिथंच उभी ऱ्हा. खाली बसू नको. हात वर कर बघू."

तिने सेल धरलेले दोन्ही हात वर केले.

"बाई, आता आपन चालायचं. हळू. आन् बोला कायतरी. मोठ्यानं."

मला एकच गोष्ट आठवली. मी म्हणू लागले, "प्रतिपदा. द्वितीया. तृतीया." आवाज घोगरा होता, माझा वाटत नव्हता. "चतुर्थी. पंचमी." पलीकडून सारिकाने सूर धरला, वर्गात धरायची तसा, "षष्ठी. सप्तमी." आम्ही एक-एक पाऊल टाकत होतो. बॅटरीत आता निखाऱ्याएवढा उजेड उरला होता आणि तो डोळाही त्यात विझल्यासारखा दिसत होता. मला मरणाची भीती वाटत नव्हती. मला वाटत होतं, या मुलीने खरं ते काढलं आणि मी त्यावर फुली मारली, आणि आता माझ्या डोळ्यांसमोर तिला काही झालं तर मी कुणाला काय सांगू.

नवमीला आम्ही तिच्यापर्यंत पोचलो. अलकाताईंनी तिला पोटाशी ओढलं. त्याच क्षणी बॅटरी विझली.

पूर्ण काळोख. मोटरची घरघर आणि कुठेतरी फुटलेल्या वाफ्यातून वाहणारं पाणी. तो कुठे आहे, पाटाशीच आहे की मागे आला आहे, काही समजत नव्हतं. सारिकाने माझ्या हातातून बॅटरी काढून घेतली. चाचपडत झाकण फिरवलं, जुने सेल काढले, नवे घातले. एकदासुद्धा चुकली नाही. झाकण बसलं आणि उजेड पडला.

पाटाशी कुणी नव्हतं.

ते जास्त वाईट होतं. आम्ही तिघी एकमेकींना पाठ लावून उभ्या राहिलो, सारिका मधे. बॅटरी हातोहात फिरत होती. कुणी वाकलं नाही. पाणी वाफ्यांवरून वाहून गेलं, बांध फुटले, त्याकडे कुणी बघितलं नाही. मी तिथी म्हणत राहिले. अमावास्या झाली की पुन्हा प्रतिपदेपासून. असा तासभर गेला असेल. मग पूर्वेला फटफटलं, उसाच्या भिंतीला पानं दिसायला लागली आणि कुठेतरी कोंबडा आरवला.

उजेडात आम्ही चिखल बघितला. सारिका जिथे हात वर करून उभी होती, तिथून चार पावलांवर पंजांचे ठसे होते. त्यांत पाणी साचायला लागलं होतं.

नऊ वाजता मी आणि गुरुजी त्यांच्या स्कूटरवरून वनखात्याच्या कचेरीत गेलो. निघण्याआधी मी प्रत्येक फुलीशेजारी 'बरोबर' लिहून खाली सही केली होती. तिथल्या साहेबांनी आधी वही नुसती चाळली. मग पुन्हा पहिल्यापासून बघायला लागले, चष्मा लावून.

"हे कुणी काढलं?"

"तिसरीतल्या मुलीने."

"रोज एकाच जागेवरून?"

"हो. मीच तसं सांगितलं होतं."

त्यांनी पाचही पानांवर बोट ठेवून उसातली वाट शोधली. तो रोज एकाच खिंडारातून बाहेर येत होता. संध्याकाळी त्या खिंडाराच्या तोंडाशी पिंजरा लागला. त्याच संध्याकाळी थोरवे गुरुजी सारिकाच्या चुलत्याच्या ओट्यावर जाऊन बसले आणि चहाला हात लावेनात. रात्री उशिरा चुलत्याने सकाळची पाळी धाकट्याला दिली. चंद्राच्या वह्या मी त्या महिन्यापुरत्या बंद केल्या. मुलांना वाईट वाटलं, पण कुणी कारण विचारलं नाही.

नवव्या दिवशी सकाळी बिबट्या पिंजऱ्यात सापडला. म्हातारी मादी होती, सुळे झिजलेले. सगळी वस्ती बघायला लोटली. मीही गेले. ती पिंजऱ्याच्या कोपऱ्यात अंग चोरून बसली होती आणि माणसांच्या आवाजाने तिची कातडी थरथरत होती. मला तिथे फार वेळ उभं राहवलं नाही.

गर्दीत अलकाताई दिसल्या नाहीत, म्हणून मी त्यांच्या घरी गेले. त्या ओट्यावर भांडी घासत होत्या.

"बघायला नाही आलात?"

"रोज बघतच व्हते की."

मी पायरीवर बसले. त्यांनी राखेचा हात तसाच ठेवून माझ्याकडे पाहिलं.

"त्या दिशी तुमी लई भ्याला व्हता."

"हो."

"हात धरला तवा कळलं मला. गारठलेला नुसता." त्या पातेलं फिरवत राहिल्या. "मला बी रोज तेवढंच भ्या वाटायचं, बाई. पन पोर संगं असायची. तिच्यापुढं भिता येतंय का? ती माझ्या तोंडाकडं बघून उभी ऱ्हायाची." पातेलं त्यांनी पालथं घातलं. "तुमी आलात, तवा मला जरा भ्यायला मिळालं."

बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी दंडाने पुसले.

आठ वाजून गेले होते. आत गोधडीवर सारिका झोपली होती, तोंड उघडं, एक पाय बाहेर.

"उठवू का तिला?" अलकाताई म्हणाल्या. "शाळंची वेळ झाली."

"नको," मी म्हणाले. "झोपू द्या."